एतेलविनाबाईंची इस्त्री आणि निन्फाची बादली

आमच्या ग्वारांदा गावात कुणाच्या घरी काय सापडेल ते सांगता येत नाही, पण फ्रिजला दोरी बांधलेलं घर एकच आहे, एतेलविनाबाईंचं. दोरीचं एक टोक फ्रिजच्या मुठीला आणि दुसरं पुढच्या खोलीत, खिडकीच्या गजाला. दुपारी इस्त्रीचं काम आटोपलं आणि कॉफीत घालायला दूध हवं असलं, की बाई पुढच्या खोलीत उभ्या राहून दोरी ओढतात. फ्रिजचं दार उघडतं. आतला गारवा बाहेर पडून विरून जाईपर्यंत त्या शंभर आकडे मोजतात. मग डोक्याला रुमाल, अंगावर लोकरीची शाल आणि हातांत जाड मोजे, असा सगळा सरंजाम करून त्या दुधाची बाटली उचलतात. दूध कधी कधी नासतं, पण बाईंचा त्याला इलाज नाही.

बाहेरच्या माणसाला हसू येईल. आमच्या गल्लीत कुणी हसत नाही, कारण आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं, की इस्त्रीनं तापलेल्या हातांना गार पाणी किंवा गार वारा लागला, की तोंड वाकडं होतं. मी इथे चाळीस वर्षं औषधाचं दुकान चालवतो. लोक मला डॉक्टर म्हणतात, मी नाही म्हणत नाही. तर माझ्यासारख्या शिकलेल्या माणसानं या असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये, आणि मी ठेवतही नाही. केस कापल्यावर दिवसभर मी डोकं भिजवत नाही, एवढंच. ती अंधश्रद्धा नव्हे, ती काळजी आहे.

एतेलविनाबाई बाराव्या वर्षी आईच्या हाताखाली इस्त्री शिकल्या. तेव्हा कोळशाची इस्त्री होती. आता विजेची आहे, पण ती तापली का हे बघायला त्या अजूनही बोट जिभेला लावून तळाला टेकवतात आणि चर्र आवाजावरून ठरवतात, सुती की रेशमी. चर्चच्या वेदीवरचं कापड, नवरीचे पोशाख, शाळेच्या मिरवणुकीतले पांढरे सदरे, सगळं त्यांच्याकडे येतं. माझे दुकानातले पांढरे कोटही. त्यांनी घडी घातलेला सदरा उलगडायला जीव होत नाही. पण दुपारी बाराला इस्त्री बंद झाली, की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बाईंचा आणि पाण्याचा संबंध संपला. त्यांचा नवरा एफ्राइन बसचालक होता. तो बिचारा जिवंत होता तोवर रोज रात्रीची भांडी घासायचा. दोस्त चिडवायचे, तर म्हणायचा, "माझ्या बायकोचं तोंड सरळ आहे ना, मग माझे हात ओले असले तरी चालतील."

आता एवढी भीती रिकामी कशी असेल? तिला कारण होतं. आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाला ते पाठ आहे आणि मला तर जरा जास्तच.

एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझं दुकान ज्या घराच्या तळमजल्यावर आहे त्या घराची मालकीण निन्फा वेर्देसोतो. ती वरच्या मजल्यावर राहते, आणि तिचा सज्जा बरोबर एतेलविनाबाईंच्या दारासमोर. दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी. एतेलविनाबाईंची मुलगी लुसिला जन्मली, तेव्हा बाप्तिस्म्याला तिला हातात धरून उभी राहिली ती निन्फाच. तेव्हापासून दोघी एकमेकींना नावानं हाक मारत नसत, कोमाद्रे म्हणत. म्हणजे एकीनं जन्म दिला, दुसरीनं धर्म दिला, आणि लेक दोघींची. निन्फाला इस्त्रीचा भारी कंटाळा. तिचे कपडे एतेलविनाबाई करायच्या, फुकट, आणि वर ऐकवायच्या, "तुझ्या पदरात देवानं सगळं घातलं, कोमाद्रे, फक्त मनगट घालायचं राहिलं."

आणि कार्निव्हल आला, की या दोघींपुढे गल्लीत कुणाची टाप नव्हती. आमच्या गावात ते तीन दिवस कोरडा माणूस शोधून सापडत नाही. पाणी, पीठ, अंडी, जे हाताला येईल ते. एकीनं खालून सवाल गावा, दुसरीनं सज्ज्यातून जवाब द्यावा आणि जवाबासोबत बादली उपडी करावी. लोक दुसऱ्या गल्लीतून ऐकायला यायचे.

त्या वर्षी कार्निव्हलच्या सोमवारी पाद्रीबाबांच्या झग्याची इस्त्री राहिली होती. एतेलविनाबाई ती उरकून झगा पोहोचवायला बाहेर पडल्या. हात तापलेले, गाल लाल. वर सज्ज्यात निन्फा टपून बसलेली. अख्खी बादली डोक्यावर आली. झगा भिजला, बाई भिजल्या, गल्ली हसली. बाईसुद्धा हसल्या, हे मी स्वतः पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी, कार्निव्हल संपून उपास सुरू होतात त्या राखेच्या बुधवारी, त्या उठल्या तर डावा डोळा मिटेना आणि तोंड उजवीकडे ओढलेलं.

तीन महिन्यांत चेहरा जवळजवळ पूर्वीसारखा झाला. आजही नीट पाहिलं तर डावा कोपरा एक तांदूळभर खाली आहे, बस्स. पण त्या तीन महिन्यांत त्यांनी आरसा भिंतीकडे वळवला होता आणि समोरच्या घराकडे पाठ फिरवली होती. आरसा पुन्हा सरळ झाला, पाठ काही फिरली नाही.

निन्फानं एकदा दार वाजवलं, दोनदा वाजवलं. तिसऱ्यांदा आतून आवाज आला, "डॉक्टरांच्या दुकानावर राहणाऱ्या बाईला सांगा, इथे कुणी राहत नाही." झालं. त्यानंतर निन्फानं कधी बादलीला हात लावला नाही. कार्निव्हलचे तीन दिवस सज्ज्याची दारं बंद. समोर एतेलविनाबाईंची खिडकी बंद. मधल्या रस्त्यावर सगळं गाव पाण्यात नाचतंय, आणि या दोघी आपापल्या अंधारात बसलेल्या. आणखी एक. त्या दिवसापासून निन्फानं इस्त्रीचा कपडा अंगाला लावला नाही. दुसऱ्या कुणाकडे द्यायची नाही, स्वतः करायची नाही. बटणांचं एवढं मोठं दुकान होतं तिचं, पण बाई एकतीस वर्षं चुरगळलेली फिरली. लोक म्हणायचे, कंजूस. मला ते प्रायश्चित्त वाटायचं.

मी एतेलविनाबाईंना शंभरदा समजावलं. कागदावर डोकं काढून, कानामागून येणारी नस काढून दाखवली. "बाई, ही नस सुजते. आपोआप सुजते. इस्त्रीचा संबंध नाही, पाण्याचा नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढंच."

"कावळा बसलेला मी पाहिला नाही, डॉक्टर," त्या म्हणायच्या, "बादली पाहिली."

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण या राक्षसाला घर होतं, नाव होतं आणि सज्जा होता.

अशी एकतीस वर्षं गेली. लुसिला मोठी झाली, लग्न होऊन आंबातोला गेली. माहेरी आली की मागच्या दारानं निन्फाकडे जाऊन यायची, आणि आईला सगळं ठाऊक असून आई विचारायची, "बाजारात एवढा वेळ?"

या वर्षी जानेवारीत निन्फा जिन्यावरून खाली माझ्या दुकानात आली. तोंडावर रुमाल. बाजूला केला तर डावा डोळा मिटत नव्हता आणि ओठ उजवीकडे गेलेले. मी तिला त्याच सकाळी दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायचे थेंब दिले आणि सांगितलं, दोन-तीन महिन्यांत उतरेल. अगदी मी कागदावर काढायचो तेच त्यांनी काढून दाखवलं. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण गल्ली स्वस्थ बसते होय? जिनं जन्मात इस्त्री धरली नाही, तिचं तोंड वाकडं झालंच कसं? पावाच्या दुकानातली म्हणाली, गरम रस्सा पिऊन लगेच सज्ज्यात गेली असेल. शिंपी म्हणाला, उन्हातून येऊन तोंड धुतलं असेल. कुणी तरी असंही म्हणालं, की बाई चोरून इस्त्री करत असेल. मी विचारलं, "अहो, मग ते कपडे कुठे आहेत?" तर म्हणे, करून पुन्हा चुरगळत असेल. माणसाला आपली भीती सोडायची नसली, की तो काय वाटेल ते शोधून काढतो.

दोन दिवसांनी एतेलविनाबाई दुकानात आल्या. काउंटरवर माझे कोट ठेवले, पण निघेनात.

"खरं का, डॉक्टर?"

"काय खरं का?"

"उगाच वेड पांघरू नका. समोरचीचं."

"खरं."

"डावी बाजू?"

"डावी."

"इस्त्री केली होती?"

"तुम्हीच सांगा. एकतीस वर्षं खिडकीतून बघताय."

"चुलीपाशी होती?"

"झोपेतून उठली होती. अंथरुणातून."

"पाणी?"

"नाही."

त्यांनी खोकल्याच्या गोळ्यांच्या बरणीचं झाकण उगाच घट्ट केलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "मग माझं कशानं झालं होतं?"

शंभरदा सांगितलेलं त्या घडीला पुन्हा सांगण्यात अर्थ नव्हता. त्या निघून गेल्या, आणि पुढचे आठ-दहा दिवस त्यांच्या घरून कुणाचाच कपडा वेळेवर आला नाही.

इकडे निन्फानं सामान बांधायला काढलं. ग्वायाकिलला मुलगा असतो, त्याच्याकडे कायमचं जायचं, कार्निव्हल झाला की लगेच. मी म्हटलं, "अहो, दोन महिन्यांत बऱ्या व्हाल."

"बरं व्हायचंच नाही मला," ती म्हणाली. बोलताना तिला ओठाचा कोपरा बोटानं धरावा लागत होता. "तिचं जे मी केलं, ते माझ्याकडे आलं. शिक्षा मिळाली. आता तिच्या दारासमोर हे तोंड घेऊन बसू? तिला रोज बघावं लागेल."

"ती काही खूश झालेली नाही."

"मग तर आणखी वाईट," निन्फा म्हणाली आणि ट्रंकेचं कुलूप शोधायला लागली.

हे मी एतेलविनाबाईंना सांगितलं. सांगू नये असं निन्फानं बजावलं होतं, म्हणूनच सांगितलं. बाई टेबलावर शाळेचा सदरा पसरून उभ्या होत्या. इस्त्री हातात तशीच राहिली.

"शिक्षा? कोण म्हणालं शिक्षा?"

"तीच."

"शिक्षा व्हायला आधी गुन्हा लागतो," बाई म्हणाल्या. मग खाली बघितलं, तर सदऱ्याच्या कॉलरवर इस्त्रीचा डाग पडला होता. बाराव्या वर्षापासून त्यांच्या हातून कापड जळलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांनी इस्त्री उभी ठेवली आणि खुर्चीत बसून रडल्या. "एकतीस वर्षं, डॉक्टर. माझी पोर तिच्याकडे चोरासारखी जायची. आणि मी कशाला भीत होते? फ्रिजला."

मी जवळ उभा राहिलो. मलाही बरं नव्हतं वाटत, त्याचं कारण पुढे येईल.

डोळे पुसून त्या म्हणाल्या, "माझं एक काम करा. वाळत घातलेला तिचा एक झगा घेऊन या. न विचारता."

"म्हणजे चोरू?"

"घरमालकिणीचा झगा चोरायला जमत नसेल तर सांगा."

मी चोरला. निळा, बारीक फुलांचा, मुळ्याच्या पाल्यासारखा आक्रसलेला.

कार्निव्हलच्या सोमवारी दुपारी गल्ली भिजून चिंब होती. आणि एकतीस वर्षांनी त्या दिवशी एतेलविनाबाईंची खिडकी सताड उघडी होती. आत बाई इस्त्री करत होत्या. निळा झगा. एकदा केला, पुन्हा पाण्याची वाफ देऊन केला, कॉलर, बाह्या, कंबरेच्या चुण्या. तापलेल्या हातांनी तो हँगरला लावला आणि दार उघडून बाहेर आल्या. डोक्याला रुमाल नाही, शाल नाही, मोजे नाहीत. रस्त्यावरच्या पोरांच्या हातातली पिचकारी तिथल्या तिथे थांबली. सगळ्यांना नियम ठाऊक होता. पावाच्या दुकानातली ओरडली, "अहो बाई, आत जा, हात गरम आहेत तुमचे."

बाईंनी झगा माझ्या हातात दिला आणि बंद सज्ज्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. एकतीस वर्षं गळा वापरला नव्हता. पहिला सूर तर कोंबड्यासारखाच निघाला. पण गायल्या.

"सज्ज्यातल्या राणी गं, का दार लावून बसलीस?
तीस वर्षांचं पाणी तू कुणासाठी साठवलंस?"

वरचं दार आधी बोटभर उघडलं, मग हातभर. निन्फा बाहेर आली, तोंडावर रुमाल धरून. तिनं खाली पाहिलं, बाईंचे लाल झालेले हात पाहिले आणि रडक्या आवाजात, गाणं म्हणावं की बोलावं अशा बेतानं म्हणाली,

"जा गं बाई घरात तुझ्या, हात तुझे तापलेले,
एकदाच पाणी ओतलं, डोळे अजून न सुकलेले."

"तापलेत म्हणूनच आलेय, कोमाद्रे," एतेलविनाबाई म्हणाल्या. "टाक."

"वेड लागलंय तुला?"

"टाक म्हणते ना."

"पुन्हा झालं म्हणजे?"

"झालं तर दोघी सारख्या दिसू. नाही झालं तर तू त्या वेळीही काही केलं नव्हतंस, हे तुलाही कळेल आणि मलाही. माझी चूक, कोमाद्रे. तुझी बादली नव्हती ती, माझी भीती होती. आता टाक, हात गार व्हायला लागले."

निन्फा आत गेली आणि एक कप घेऊन आली. चहाचा कप. तो उपडा केला, त्यातलं निम्मं वाऱ्यानं माझ्यावर आलं.

"हे काय?" बाई म्हणाल्या. "त्या वर्षी बादली होती."

मग बादली आली. वरून पाणी कोसळलं तेव्हा एतेलविनाबाईंनी डोळे गच्च मिटले, मुठी आवळल्या आणि त्या जागच्या हलल्या नाहीत. मी चाळीस वर्षं नसा समजावून सांगणारा माणूस, पण त्या क्षणी माझीही नजर आधी त्यांच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याकडे गेली. मग त्या डोक्यापासून निथळत वर बघून हसल्या, आणि पोरांच्या पिचकाऱ्या पुन्हा सुरू झाल्या.

पण खरी परीक्षा पुढे होती. त्या वेळीही चेहरा तिसऱ्या दिवशीच फिरला होता. मंगळवारी बाई तीनदा दुकानात आल्या. "डॉक्टर, ओठ बघा." "सरळ आहे." "डोळा?" "मिटतोय." वरून निन्फा दर तासाला जिन्यातून विचारायची, "कशी आहे?" मी दोघींना धीर देत होतो, आणि एक गोष्ट कबूल करतो, काउंटरखाली गोळ्यांची पाकिटं आधीच काढून ठेवली होती. डोळ्याचे थेंबसुद्धा.

बुधवारी सकाळी मी आधी न्हाव्याकडे जाऊन आलो. मन ताळ्यावर नसलं, की मी केस कापतो. परत आलो तर दोघी दुकानात बसलेल्या. दोघींच्या कपाळावर चर्चमधला राखेचा क्रूस आणि निन्फाच्या अंगात निळा, कडक इस्त्रीचा झगा.

"तपासा," एतेलविनाबाई म्हणाल्या.

मी मेणबत्ती पेटवली. तोंड वाकडं झालेल्या माणसाला फुंकर मारता येत नाही, हवा कोपऱ्यातून निसटते. बाईंनी गाल फुगवले. निन्फानं माझ्या काउंटरची कड घट्ट धरली. फूः. मेणबत्ती विझली, वर औषधाच्या दोन चिठ्ठ्याही उडाल्या.

निन्फानं डोकं एतेलविनाबाईंच्या खांद्यावर टेकवलं. बाई तिच्या पाठीवरची चुणी सारखी करत होत्या, हातानंच. मग म्हणाल्या, "ट्रंक उघड आता. खाली घेऊन ये सगळे कपडे. एकतीस वर्षांची इस्त्री तुंबलीय."

मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. "एतेलविनाबाई," मी म्हटलं, "मला एक सांगायचंय. त्या वर्षी ती बादली मी भरली होती. मागच्या हौदातून. जिन्यानं वर मीच नेली. निन्फाला म्हटलं, बघा, आली, टाका. निन्फानं माझं नाव कधी सांगितलं नाही, आणि मीही नाही. मला वाटायचं, सांगितलं तर तुम्ही माझंही दार बंद कराल." नसा काढून काढून मी बाईंना समजावत होतो की स्वतःला, ते मलाच ठाऊक.

बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ठाऊक आहे."

"काय?"

"वर बघितलं होतं की मी. सज्ज्यात दोन डोकी होती. एक तुमचं, तेव्हा त्यावर केस जास्त होते."

"मग इतकी वर्षं माझ्यावर रागावला नाहीत?"

"अहो, गल्लीत औषधाचं दुकान एकच." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "आणि तुमच्यावर रागावून मला काय मिळणार होतं? ही माझी होती."

निन्फानं अर्ध्या ओठानं हसायला सुरुवात केली. तेवढ्यात एतेलविनाबाईंनी माझ्या टेबलावरचा पिण्याच्या पाण्याचा जग उचलला आणि अख्खा माझ्या डोक्यावर ओतला. मी ओरडलो, कार्निव्हल संपला, आज उपासाचा दिवस आहे, आणि मुख्य म्हणजे मी आत्ताच केस कापून आलोय. पण ऐकायला कोण होतं? दोघी एकमेकींना धरून हसत जिन्यानं वर गेल्या, ट्रंक सोडायला.

गुरुवारी मला सणकून सर्दी झाली. तिचा आणि केस कापण्याचा काडीचाही संबंध नाही, हे मी लेखी द्यायला तयार आहे.